पलीकडे बसलेला मुलगा



या वेळचं मनन संगणकाबद्दल आहे. असं म्हटल्यावर आमच्या काही वडीलधाऱ्या वाचकांनी कपाळाला हात लावला असेल. पण जे घडलं ते संगणकाच्या निमित्तानेच घडलं. त्यात आमची एक चूक आम्हांला दिसली, आणि ती कबूल केल्याशिवाय राहवत नाही.

पोळा आणि पांढुर्ण्याची गोटमार होऊन चार-पाच दिवस झाले होते. पाऊस सुरूच होता. आमची आई अंगणातल्या ओल्या फरशीवर घसरली आणि तिच्या खुब्याचं हाड मोडलं. सौंसरला दाखवून तिला नागपूरला हलवलं. ऑपरेशन नीट पार पडलं. आम्ही दिवसरात्र तिच्या उशाशी होतो. घरून निघताना कपड्यांच्या पिशवीत लॅपटॉपही टाकला होता. मोहगावच्या आमच्या कार्यालयाचं काम गेली काही वर्षं आम्हीच पाहतो: धर्मशिक्षणाची हजेरी, पत्रं, दाखले, रविवारची वाचनं. फादरांकडे बरीच गावं आहेत, ते सारखे फिरतीवर असतात. त्यामुळे "मास्तरांना विचारा" हे वाक्य आमच्या धर्मग्रामात रोजचं झालं आहे. खरं सांगायचं तर ते ऐकायला आम्हांला आवडायचं.

मंगळवारी संध्याकाळी गावाकडून फोन आला. आपल्यातलेच एक गृहस्थ, संत्र्याच्या बागेत काम करणारे.

"मास्तर, पोरीचं लग्न जुळलं पुण्याला. तिथले फादर बाप्तिस्म्याचा दाखला मागतात. गुरुवारी सकाळी मी निघतो."

"पहिल्या कम्युनियनच्या वेळी दिला होता ना तुम्हांला?"

"तो दाखवला. नवीन पाहिजे म्हणतात."

पुण्याच्या फादरांचं बरोबरच होतं. आपल्यापैकी अनेकांना वाटतं की बाप्तिस्म्याचा दाखला म्हणजे जन्माच्या दाखल्यासारखा, एकदा मिळाला की आयुष्यभर पुरला. तसं नाही. बाप्तिस्म्याच्या नोंदवहीत प्रत्येक नावापुढे समासाची जागा असते. त्या माणसाचा दृढीकरण संस्कार, विवाह, गुरुदीक्षा, संन्यस्त जीवनाची कायमची व्रतं, हे सगळं पुढे त्याच जागेत लिहिलं जातं. कॅथलिक चर्चच्या कायद्याचं ५३५ वं कलम हेच सांगतं, आणि दाखला देताना या नोंदी त्यावर उतरवाव्यात असंही सांगतं. म्हणून लग्नाच्या वेळी ताजा दाखला मागतात, साधारण सहा महिन्यांच्या आतला. मूल जिथे न्हाऊन ख्रिस्ताचं झालं, तिथली वही त्याच्या पुढच्या आयुष्याची वाट बघत उघडी असते.

अडचण अशी होती की फादर वार्षिक साधनेला गेले होते. ते बुधवारी रात्री उशिरा परतणार आणि गुरुवारी सकाळची मिस्सा आटोपून लगेच दुसऱ्या गावी जाणार. नोंदवही कपाटात, कपाटाची किल्ली फादरांकडे. पण त्या वहीच्या पानापानाचे फोटो आम्ही दोन उन्हाळ्यांच्या सुट्ट्यांत काढून कार्यालयातल्या संगणकात ठेवले आहेत. दाखल्याचा कोरा नमुनाही तिथेच आहे. छापलेला दाखला टेबलावर तयार असला, तर फादर मूळ वहीशी ताडून सही-शिक्का करू शकत होते. म्हणजे बुधवारी रात्रीपर्यंत कोणीतरी दाखला तयार करून छापायला हवा होता.

"काळजी करू नका," आम्ही म्हणालो. "इथूनच करतो."

इथूनच, म्हणजे रिमोट डेस्कटॉपने. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. आपण एका गावी बसून दुसऱ्या गावचा संगणक चालवायचा. तिथली स्क्रीन इथे दिसते, आणि इथे माउस हलवला की तिथे हलतो. विंडोजमध्ये ही सोय आहे, पण सगळ्या विंडोजमध्ये सारखी नाही. होम प्रकारच्या विंडोजवरून दुसऱ्याच्या संगणकात जाता येतं, पण दुसऱ्याला आपल्यात घेता येत नाही. आत घ्यायचं तर प्रो प्रकार लागतो. आम्हांला दान मिळालेल्या संगणकात आधी होमच होतं. ते कळेपर्यंत आम्ही आठवडाभर डोकं आपटलं होतं.

दुसरी गोष्ट रस्त्याची. आमच्या कार्यालयात सिमकार्डावर चालणारा राउटर आहे. अशा मोबाइल इंटरनेटवर बऱ्याचदा आपल्या राउटरला स्वतःचा असा सार्वजनिक पत्ता नसतो. अनेक ग्राहक मिळून एकच पत्ता वापरतात, म्हणून बाहेरून थेट आत येता येत नाही. पुण्याच्या आमच्या भाच्याने त्यावर उपाय म्हणून व्हीपीएन बसवून दिलं होतं. दोन्ही संगणक आपापल्या बाजूने इंटरनेटवर बाहेर पडतात आणि मधे एकमेकांना भेटतात. त्या दोघांपुरती एक खाजगी गल्ली तयार होते. हे सुरक्षितही आहे. रिमोट डेस्कटॉपचं नेहमीचं दार ३३८९ क्रमांकाचं. ते सगळ्या जगासाठी सताड उघडं ठेवणं म्हणजे संकटाला आमंत्रण. २०१९ मध्ये विंडोजच्या जुन्या आवृत्त्यांत ब्लूकीप नावाची खोट सापडली होती. तिच्यामुळे पासवर्ड नसतानाही बाहेरच्याला या दारातून आत शिरणं शक्य होतं. त्या वर्षी मे महिन्यात मायक्रोसॉफ्टने ती बुजवली, आणि आधार बंद झालेल्या एक्सपीसाठीसुद्धा दुरुस्ती दिली. यावरून प्रकरण किती गंभीर होतं ते समजावं.

एवढी सगळी तयारी असताना बुधवारी सकाळी, आई झोपली असताना, आम्ही लॅपटॉप उघडला. पत्ता टाकला. थोडा वेळ वाट पाहायला लावून संगणकाने निरोप दिला की जोडता येत नाही. कारणं तीन असू शकतात: पलीकडे ही सोय चालू केलेली नाही, पलीकडचा संगणक बंद आहे, किंवा तो नेटवर्कवर सापडत नाही.

हा निरोप आता आम्हांला पाठ झाला आहे. त्यातली तिन्ही कारणं पलीकडची आहेत. "कदाचित तुमचंच काहीतरी चुकत असेल" असं तो म्हणत नाही. भांडणातही आपण नेमकं असंच बोलतो.

आम्ही आधी आपली बाजू तपासली. फोनचा हॉटस्पॉट चालू होता, इतर पानं उघडत होती, व्हीपीएन आमच्याकडे चालू होतं. पण त्या यादीत मोहगावचा संगणक निस्तेज दिसत होता. मग त्या मुलाला फोन केला.

हा मुलगा अकरावीत आहे. मिस्सेला वेदीसेवक असतो, पहाटेची घंटा वाजवतो, म्हणून कार्यालयाची एक किल्ली त्याच्याकडे असते. शाळा हिंदी माध्यमाची, घरी मराठी, आमच्या या सीमेवरच्या बहुतेक मुलांसारखा. तो शाळेला निघायच्या आधी धावत गेला.

"काका, संगणक बंद आहे. रात्री लाईट गेली होती."

"सुरू कर."

"काळ्या स्क्रीनवर इंग्रजीत काहीतरी आलं. एफ-वन दाबा म्हणतंय."

"दाब."

तो सुरू झाला, पण आमच्या यादीत काही उजळेना. आम्ही राउटरचे दिवे विचारले. ते लागलेले होते. संगणकावर मुलांसाठी एक वेगळं साधं खातं आहे, त्यात शिरून त्याला एखादं पान उघडायला सांगितलं. पान उघडेना. जोडणी सुरक्षित नाही, असा इशारा येत होता. आम्ही विचारात पडलो. तेवढ्यात तो म्हणाला, "काका, खाली कोपऱ्यात तारीख चुकली आहे. जानेवारी दाखवतो, आणि वर्षही जुनंच."

तिथे उलगडा झाला. संगणकाच्या आत पाच रुपयांच्या नाण्यासारखी एक चपटी बॅटरी असते, बहुतेक वेळा सीआर २०३२ जातीची, तीन व्होल्टची. वीज नसताना घड्याळ चालू ठेवणं हे तिचं काम. ती संपली की लाईट गेल्याबरोबर संगणक काळ विसरतो. आणि काळ चुकला की इंटरनेटवरच्या ओळखपत्रांची मुदत जुळत नाही. संगणकाला वाटतं, समोरच्याचं ओळखपत्र अजून सुरूच झालेलं नाही, याच्यावर विश्वास कसा ठेवू? म्हणून तो पानांना नकार देतो, व्हीपीएनलाही नकार देतो. तार शाबूत, राउटर शाबूत, फक्त वेळ चुकीची, आणि त्यापायी सगळे संबंध तुटलेले. फरक फार मोठा असेल तर विंडोज बऱ्याचदा ते घड्याळ स्वतःहून जुळवूनही घेत नाही.

आता आमची चूक सांगतो.

मुलांच्या खात्यातून घड्याळ बदलता येत नाही. त्यासाठी आमच्या खात्यात जावं लागतं, आणि त्याचा पासवर्ड फक्त आमच्याकडे. तो त्या मुलाला सांगितला असता, तर घड्याळ दोन मिनिटांत जुळलं असतं. आम्ही तो सांगितला नाही. मनात म्हटलं, लहान आहे, चुकून काही पुसलं जाईल. त्याऐवजी आम्ही त्याला लांबचा रस्ता दाखवला: संगणक रीस्टार्ट कर, सुरू होताना एफ-टू दाबत राहा, निळ्या स्क्रीनवर बाणाच्या बटणांनी तारखेपर्यंत जा. ती निळी स्क्रीन म्हणजे संगणकाचं मूळ. तिथे चुकीचं बटण दाबलं तर नुकसान जास्त. पण तिथे आमचा पासवर्ड लागत नव्हता! पोराने न घाबरता तारीख लावली, वेळ लावली, जतन केलं. आमच्या यादीत मोहगावच्या नावापुढे हिरवा ठिपका उजळला. तो शाळेला पळाला.

आता पुन्हा जोडून पाहिलं, तर नाव आणि पासवर्ड विचारला. ही खूण लक्षात ठेवण्यासारखी आहे. पासवर्ड विचारला म्हणजे रस्ता मोकळा आहे. इथून पुढे अडलं, तर ते रस्त्यामुळे नाही. आम्ही रोजचा चार आकडी पिन टाकला. नाकारला. पुन्हा टाकला, पुन्हा नाकारला. मग आठवलं की पिन हा त्या यंत्रापुरता, त्याच्यासमोर बसणाऱ्यासाठी असतो. दुरून येणाऱ्याला खात्याचा पूर्ण पासवर्ड द्यावा लागतो. पिनच्या सवयीने वर्षभरात तो आम्ही साफ विसरलो होतो. घरी फोन लावला. सौभाग्यवतीने आमची डायरी शोधली आणि एकेक अक्षर मोठ्याने वाचून दाखवलं. आम्हीही वॉर्डातल्या सगळ्या पेशंटांसमोर ते मोठ्याने परत म्हणालो. म्हणजे पासवर्ड अख्ख्या वॉर्डाने ऐकला, पण घंटा वाजवणाऱ्या मुलाला तो ठाऊक नव्हता.

या शोधाशोधीत अर्धा तास गेला. पुन्हा जोडू गेलो, तर पुन्हा तोच तीन कारणांचा निरोप. कोणी वापरत नाही असं पाहून संगणक झोपी गेला होता. झोपलेला संगणक दुरून मारलेली हाक सहसा ऐकत नाही. मुलगा शाळेत. आम्ही संध्याकाळपर्यंत बसून राहिलो.

साडेपाचला त्याचा फोन आला. त्याने कार्यालयात जाऊन संगणक जागा केला होता आणि मुलांच्या खात्यात बसून आमची वाट पाहत होता. आम्ही जोडलं. पूर्ण पासवर्ड टाकला. तेव्हा आमच्या स्क्रीनवर आलं की पलीकडे आधीच कोणीतरी बसलेलं आहे, तुम्ही पुढे गेलात तर त्यांचं काम बंद पडेल. आम्ही पुढे गेलो. लगेच फोनवर मुलाचा आवाज आला.

"काका, इथे विचारतंय. तुम्ही आत येता आहात, चालेल का म्हणून. हो म्हटलं तर माझं बंद होईल असं लिहिलं आहे. हो म्हणू?"

"म्हण."

"म्हटलं." थोड्या वेळाने तो हळूच म्हणाला, "आता माझ्यासमोर कुलूप आलं आहे. मी बसू की जाऊ?"

विंडोजच्या या प्रकारात एका वेळी एकालाच काम करता येतं. दुरून कोणी आत आलं की समोर बसलेल्याच्या स्क्रीनला कुलूप लागतं. दोघांनी मिळून बघण्याची वेगळी साधनं आहेत, पण आमची रीत ही होती. आम्ही आत गेलो, तो बाहेर झाला. दिवसभर ज्याच्या हातांनी हे सगळं जुळून आलं, तो आता हाताची घडी घालून कुलपाकडे बघत बसला होता.

तरी त्या क्षणी आम्हांला काही वाटलं नाही. आम्ही आनंदात फोटोंचा फोल्डर उघडला. हॉटस्पॉट मंद होता, माउस हलवला की पलीकडे तो तीन सेकंदांनी हलायचा. मुलीच्या आडनावात ळ आहे. तो टाकताना हात इकडे हलायचा आणि अक्षर तिकडे भलतंच उमटायचं. तेवढ्यात आईने हाक मारली. तिला उलटी झाली होती. लॅपटॉप तसाच टाकून आम्ही धावलो. नर्सबाई आल्या, चादर बदलली, आईला पाणी दिलं. परत येऊन पाहतो तर जोडणी तुटलेली.

आई म्हणाली, "सकाळपासून काय करून राहिला तू त्या डब्यात?"

आम्ही सांगितलं. दाखला, संगणक, पोरगा, सगळं.

ती म्हणाली, "पोरगं तिथंच बसलं आहे न? मंग त्यालेच सांग न करायले."

यावर आमच्याकडे उत्तर नव्हतं. कला शाखेची पदवी, पंधरा-वीस वर्षांची धर्मशिक्षणाची सेवा, आणि कंबरेला पट्टा बांधून पडलेल्या म्हातारीला जे सुचलं ते आम्हांला दिवसभर सुचलं नव्हतं. सुचलं नव्हतं असंही नाही. सुचू दिलं नव्हतं. कारण ते काम दुसऱ्यालाही येतं असं ठरलं, तर "मास्तरांना विचारा" म्हणायची गरजच कोणाला?

आम्ही फोन केला. तो अजून तिथेच होता. त्याला पासवर्ड सांगितला, एकेक अक्षर. तो आमच्या खात्यात गेला. फोल्डर कुठला, नमुना कुठला, एवढंच आम्ही सांगितलं. पंचवीस मिनिटांत तो म्हणाला, "काका, वाचून दाखवतो, ऐका." नाव, आईवडिलांची नावं, तारीख, धर्ममाता-धर्मपिता, समासातली दृढीकरणाची नोंद, सगळं बरोबर. मग म्हणाला, "आडनावात ळ आहे, ल नाही. शाळेत आम्ही ल लिहितो, पण वहीत ळ दिसला म्हणून तोच शोधून टाकला." दाखला छापून फादरांच्या टेबलावर ठेवला, वर पेपरवेट. कार्यालयाला कुलूप लावून तो घरी गेला. गुरुवारी सही-शिक्का झाला आणि मुलीचे वडील दाखला घेऊन निघाले.

त्या रात्री आईच्या उशाशी बसून आम्ही कफर्णहूमच्या शताधिपतीची गोष्ट पुन्हा वाचली. मत्तयच्या आठव्या अध्यायात आहे, लूकच्या सातव्यातही. त्याचा चाकर घरी आजारी पडला आहे. येशू दूर आहे. शताधिपती म्हणतो की तुम्ही माझ्या घरी येण्याचीही गरज नाही, तुमचा एक शब्द पुरे. ख्रिस्तप्रसाद घेण्याआधी आपण जी विनवणी करतो, ती याच शताधिपतीची. दुरून झालेल्या मदतीची यापेक्षा मोठी गोष्ट पवित्र शास्त्रात क्वचितच सापडेल.

हा उतारा आम्ही मुलांना किती वेळा शिकवला असेल! दर वेळी आम्ही शताधिपतीचा विश्वास शिकवला. त्या रात्री पहिल्यांदा त्यातली बाकीची माणसं दिसली. लूकच्या वृत्तान्तात शताधिपती स्वतः येशूसमोर येतच नाही. आधी यहुदी वडीलजन जातात, मग त्याचे मित्र जातात. हुकूम सोडणारा माणूस आहे तो, त्याच्या हाताखाली शिपाई आहेत. तरी जीवनमरणाचा निरोप तो दुसऱ्यांच्या तोंडी सोपवतो. निरोप चुकेल, एखादा शब्द गळेल, असं त्याला वाटत नाही. त्याला अधिकार काय असतो ते कळतं, म्हणून तो सोपवूही शकतो. आम्हांला अधिकार हवा होता, पण सोपवणं नको होतं.

आणि दुसरी आठवण प्रकटीकरणाच्या तिसऱ्या अध्यायाची. प्रभू दाराशी उभा राहून ठोठावतो. ज्याला कुठल्याही दाराचा अडसर नाही, तो परवानगी विचारतो. इथवर त्या संगणकाने मुलाला विचारलं तसंच. पण पुढे फरक आहे. कोणी दार उघडलं, तर प्रभू आत येऊन त्याच्याबरोबर जेवायला बसतो. घरच्या माणसाला बाहेर काढून त्याच्या जागी बसत नाही. प्रभू आत आला म्हणून आपल्यासमोर कुलूप लागत नाही, आपले हात रिकामे होत नाहीत. आम्ही धर्मशिक्षक, पालक, स्वयंसेवक मात्र मदत करायला म्हणून आत शिरतो आणि तिथे बसलेल्याला नकळत उठवतो. घरात सुनेच्या हातचं काम काढून घेणारी सासू, मुलाचा अर्ज स्वतःच भरणारा बाप, गायनमंडळात कोणालाच पेटीला हात लावू न देणारा दादा, आणि पासवर्ड दडवणारा मास्तर, हे सगळे एकाच रांगेतले.

मात्र कोणालाही दार उघडा, असा याचा अर्थ कुणी घेऊ नये. आजकाल अनोळखी माणूस फोन करतो, बँकेतून बोलतोय म्हणतो, फोनमध्ये एखादं ॲप टाकायला लावतो आणि आपली स्क्रीन आपल्याच हाताने त्याच्या ताब्यात जाते. २०१९ मध्येच रिझर्व्ह बँकेने बँकांना अशा फसवणुकीबद्दल सावध केलं होतं. आपण न बोलावता जो मदतीला येतो आणि आत घ्या म्हणून घाई करतो, त्याला आत घेऊ नये. मेंढरं मेंढपाळाचा आवाज ओळखतात आणि परक्याच्या मागे जात नाहीत, असं योहानाच्या दहाव्या अध्यायात प्रभूने सांगितलं आहे. कोणी फसलंच, तर लाजून घरात बसू नका. १९३० या क्रमांकावर ताबडतोब फोन करा. घंटा वाजवणारा मुलगा ओळखीचा होता, तरी आम्ही त्याला दाराबाहेर ठेवलं. फोनवरचा परका गोड बोलला की आपण त्याला आत घेतो. आपला विश्वास असा उलटा लागू नये, एवढंच म्हणणं.

आई आता वॉकर धरून अंगणापर्यंत जाते. फरशी आम्ही खरबरीत करून घेतली. कार्यालयाच्या संगणकात नवीन बॅटरी बसवली, तिला फार खर्च आला नाही. वीज असताना संगणकाने झोपू नये अशी व्यवस्था केली. त्या मुलासाठी आणि युवागटातल्या एका मुलीसाठी स्वतंत्र खाती उघडली, दोघांना दाखल्याचं काम शिकवलं. आमचा पासवर्ड आम्ही बदलला, आणि नवा पासवर्ड पाकिटात बंद करून फादरांच्या कपाटात ठेवला आहे. भिंतीवर एक कागद लावला आहे, अक्षर त्या मुलाचंच. जोडणी झाली नाही तर काय बघायचं ते त्यावर जवळून दूर या क्रमाने लिहिलं आहे: आधी आपलं इंटरनेट, मग पलीकडची लाईट, पलीकडचा संगणक जागा आहे का, तारीख-वेळ बरोबर आहे का, व्हीपीएन चालू आहे का, आणि शेवटी नाव व पूर्ण पासवर्ड. त्याखाली त्याने स्वतःहून एक ओळ वाढवली आहे: आत जाण्याआधी समोर कोण बसलं आहे ते फोन करून विचारावं.

ती ओळ आम्ही रोज वाचतो.

या आठवड्यासाठी दोन प्रश्न. आपल्या घरात किंवा मंडळीत असं कोणतं काम आहे, जे फक्त आपल्यालाच येतं असं आपण ठरवून टाकलं आहे? आणि त्या कामाच्या अगदी जवळ, कदाचित दिवसभरापासून, आपल्या एका शब्दाची वाट बघत कोण बसलं आहे?

प्रार्थना करू या.

हे प्रभू येशू, तू दूर असूनही शताधिपतीच्या चाकराला बरं केलंस, आणि जवळ असूनही आमच्या दारावर ठोठावतोस. आम्ही मदतीला जाऊ तेव्हा कोणाची जागा आम्ही घेऊ नये. जे तू आमच्या हाती दिलंस, ते पुढच्या हातांत देण्याचं धैर्य आम्हांला दे. जे अंथरुणाला खिळले आहेत आणि त्यांच्या उशाशी जे जागत आहेत, त्यांना तुझी शांती लाभो. पहाटे उठून घंटा वाजवणाऱ्या आमच्या मुलामुलींना आशीर्वाद दे. आमेन.